साहेबाचे पेले

आमच्या घरी कुणी नवीन माणूस आला की त्याची नजर आधी शोकेसमधल्या त्या दोन पेल्यांवर जाते. चिनी मातीचे, तांब्याएवढे मोठे, दोन्ही बाजूंना कान असलेले. "फॉरेनचे का हो?" असं विचारतात. मी म्हणते, देवळालीचे. मग म्हणतात, "जोडी मस्त जमलीये!" यावर मी चहा टाकायला आत निघून जाते. ती जोडी नाही. एक आमच्या घरचा आहे आणि दुसरा मी जुन्या सामानाच्या दुकानातून शोधून आणलाय. खरी जोडी दोन भावांची होती. त्यातले थोरले, म्हणजे माझे बाबा, मागच्या माघात गेले. धाकटे, म्हणजे काका, एकलहऱ्याला असतात, पण आमच्याकडे येत नाहीत.

आम्ही गवंड्याच्या घरातले. मी आता गंगापूर रोडला खाणावळ चालवते, कॉलेजच्या पोरापोरींचे डबे भरते. पण बाबांनी, काकांनी आणि आजोबांनी जन्मभर विटाच रचल्या. आजोबा देवळालीच्या बंगल्यांची डागडुजी करायचे. तिथल्या एका बंगल्यात गोऱ्या साहेबांची कसली तरी सभा भरायची, दारं-खिडक्या लावून. लोक त्याला भूतबंगला म्हणायचे आणि दिवेलागणीला तिकडून जायला घाबरायचे. आजोबा तिथे बिनधास्त गिलावा करायला जात. साहेब लोक देश सोडून निघाले तेव्हा कुणी सामान विकलं, कुणी टाकून दिलं. त्यातल्या एकाने आजोबांना हे दोन पेले दिले, दोन पोरांना एकेक म्हणून. घरात त्यांचं नाव पडलं साहेबाचे पेले.

आता त्यांच्यावरचं चित्र सांगते. पुढच्या बाजूला दोन हात, एकमेकांत घट्ट धरलेले, कोटाच्या बाह्यांसकट. वर एक उघडा डोळा आणि त्यातून निघालेले किरण. खाली काटकोन बघायचा गुण्या, कंपास, भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा आणि थापी. काठाला गुलाबी चकाकणारा पट्टा. मागच्या बाजूला शिडाचं जहाज आणि इंग्रजांचे दोन झेंडे, एकमेकांवर तिरपे. त्याखाली इंग्रजीत चार ओळी आहेत. भावाने भावाला अंतर देऊ नये आणि राजासाठी, देशासाठी जीव टाकावा, असा काहीसा उपदेश. आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण थापी आणि ओळंबा कुणी शिकवायची गरज नव्हती. साहेबाच्या देशात गवंड्याला लय मान असला पाहिजे, असं त्यांचं ठाम मत झालं. त्याशिवाय कोण हत्यारं पेल्यावर काढतं! त्या वर्षीच्या दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत त्यांनी पेलेही मांडले.

झेंड्यांवरून मात्र घरात कुरबूर झाली. नुकतं स्वातंत्र्य मिळालेलं, आणि आपण इंग्रजांच्या झेंड्याला हळदकुंकू वाहायचं? मग आजोबांनी तोड काढली. पेले पाटावर ठेवायचे, पण झेंड्याची बाजू भिंतीकडे आणि हातांची बाजू आपल्याकडे. माझं लग्न झालं, मुलं झाली, मुलं नोकऱ्यांना लागली, तरी आमच्याकडे पेले असेच ठेवतात.

वाटणीत एक पेला बाबांकडे आला, एक काकांकडे. आजोबांनी एवढंच बजावलं होतं की दसऱ्याला दोन्ही पेले एका पाटावर आले पाहिजेत. काकू भारी स्वच्छतेची. दसऱ्याआधी तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राखेने घासायला काढली की ती पेलाही त्यातच घ्यायची. देवाचं भांडं, मग ते लखलखीत नको? आईने कितीदा सांगितलं, "अगं बाई, चित्र जाईल त्याचं, ओल्या फडक्याने पूस नुसता." काकू म्हणायची, "देवाच्या कामात आळस नाय करायचा, वहिनी." पाचसहा दसऱ्यांत काकूच्या पेल्यावरचे हात गेले. एका बाहीची कड आणि एक अंगठा तेवढा उरला. झेंडे मात्र जसेच्या तसे, कारण भिंतीकडची बाजू कुणाला दिसते म्हणून ती घासायची? आम्ही पोरं त्यावरून काकूला फार चिडवायचो. तीही पदर तोंडाला लावून हसायची.

मग ती भिंत झाली.

तेव्हा मी शाळेत होते आणि शनिवारी दुपारी बाबांचा डबा साइटवर नेऊन द्यायचे. गंगापूर रोडला तेव्हा अजून मळे होते. एका मळ्याच्या कडेला कुणा डॉक्टरचा बंगला चालला होता. बाबा मुख्य मिस्त्री आणि काका त्यांच्या हाताखाली. मी पोचले तेव्हा काकांनी पश्चिमेची भिंत छातीइतकी वर आणली होती. बाबांनी येऊन ओळंबा सोडला. बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले. मालक बाजूलाच उभा होता, बिगारी होते, माल कालवणाऱ्या बाया होत्या. बाबांनी भिंतीला लाथ घातली. विटांमधला माल ओलाच होता. वरचे थर धाडकन आत पडले. आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काम आमच्या घरचं नाय."

काकांनी थापी पाण्याच्या बादलीत धुतली, गोणपाटाला पुसली, विटांवर ठेवली आणि सायकल घेऊन निघून गेले. डबा हातात धरून मी तशीच उभी. बाबा मला म्हणाले, "ठेव तिथं अन् जा घरी." मला त्यांचा इतका राग आला होता की मी डबा तिथेच दगडावर आपटला. ताक सांडलं. त्याबद्दल मला काही बोलले नाहीत ते.

काका एकलहऱ्याला गेले. वीजकेंद्रात बांधकामाची कामं निघत, तिथेच एका ठेकेदाराकडे लागले आणि तिथेच घर केलं. दोघा भावांचं बोलणं संपलं. लग्नकार्यात एकमेकांकडे पाठ करून बसायचे. आईने केलेली समजूत वाया गेली, काकूचं रडणं वाया गेलं.

पण दसऱ्याला काका यायचे. आजोबांचा शब्द मोडायची दोघांचीही छाती नव्हती. सकाळच्या बसने यायचे. पेला जाड पंच्यात गुंडाळून पिशवीत, पिशवी मांडीवर. चपला काढायच्या, पाटावर पेला ठेवायचा, झेंडे भिंतीकडे. आई पूजा करायची. मग सोनं. इतर घरांत धाकटा थोरल्याच्या हातात आपट्याची पानं देतो, पाया पडतो, गळ्यात पडतो. आमच्याकडे काका बाबांच्या पेल्यात पान टाकायचे आणि बाबा काकांच्या पेल्यात. तोंडातून अक्षर नाही. चहा व्हायचा, काका पेला गुंडाळायचे आणि निघायचे. आधी काकू गेली, मागोमाग आई गेली, पूजा माझ्याकडे आली. दोघांच्याही मिशा पांढऱ्या झाल्या. पण दरसाल तेच. मी वैतागून म्हणायचे, "अहो, पेले तरी बोलतील एखाद्या दिवशी, तुम्ही बोलायचे नाहीत." बाबा मान फिरवायचे आणि काका चपला शोधायचे.

बाबांना काचबिंदू झाला आणि शेवटच्या काही वर्षांत दिसणं जवळपास बंद झालं. मी त्यांना माझ्याकडे आणलं. दिवसभर ते बाल्कनीत बसून भिंतीवरून तळवा फिरवत राहायचे. "ह्या बिल्डरनं गिलाव्यात चोरी केलीये," असं एकदा म्हणाले. मी भाजी निवडत होते. म्हटलं, आता मेल्यानंतरही भिंती तपासणार का तुम्ही?  तर ते अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाले, "पाव इंच होती."

"काय पाव इंच?"

"त्याची भिंत. पाव इंच बाहेर होती. गिलाव्यात निघून गेली असती."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मी म्हटलं, "बाबा, हे मला काय सांगताय? त्यांना सांगा ना!" तर म्हणतात, "आता काय सांगायचं." मला भडभडून आलं. पाव इंचासाठी या माणसाने सख्खा भाऊ घालवला आणि त्याला ते सगळा वेळ माहीत होतं. मी ठरवलं, येत्या दसऱ्याला दोघांना समोरासमोर बसवायचं आणि हे बाबांच्या तोंडून वदवून घ्यायचं. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलेलं होतं. फार दसरे उरलेले नव्हते.

आणि नेमके त्याच दसऱ्याला काका आले नाहीत.

बाबा सकाळपासून पांढरा सदरा घालून बसले होते. "गेट वाजलं का गं?" लिफ्टचा आवाज आला की मान वर. दुपार झाली. मी एकच पेला मांडून पूजा उरकली. बाबांनी पाटावर हात फिरवला, दुसऱ्या पेल्याची रिकामी जागा चाचपली आणि हात मागे घेतला. जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "तुटलं म्हणजे शेवटी." काकांना फोन लावला तर उचलला नाही. चुलतभाऊ नोकरीला गुजरातेत, त्याला लावला. त्याने सांगितलं की पप्पा ठीक आहेत, घरीच आहेत. मग काय समजायचं माणसाने?

डब्यांना एक दिवस सुट्टी देऊन मी एकलहऱ्याला गेले. काका ओट्यावर बसले होते. मला बघून उठले नाहीत. आत गेले आणि एक कापडी पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. आत पेल्याचे तुकडे होते. एका तुकड्यावर तो एकटा अंगठा.

नवरात्रात पडला, म्हणाले. भिंतीतली कडप्प्याची फळी एका बाजूने निसटली आणि वरचं सगळं खाली आलं.

मी म्हटलं, "मग त्यात काय एवढं काका? वस्तू आहे, फुटते. तसंच यायचं होतं."

"फळी मीच बसवली होती," काका म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. साहेबाचा पेला फुटला हे दुःख एकीकडे. पण तो त्यांच्याच हातच्या कामातून फुटला होता. आणि ते जाऊन त्या माणसाला सांगायचं, ज्याने सगळ्या साइटसमोर त्यांचं काम लाथेने पाडलं होतं! "दादा काय म्हणंल ते मला ऐकू येतंय," काका म्हणाले. "म्हणंल, तवाच म्हणलो होतो." इतकी वर्षं मी दोघांवर चिडत आले होते, पण त्या दिवशी मला काकांची फार दया आली.

दुसरा पेला शोधायची कल्पना माझीच. देवळालीत जुन्या बंगल्यांचं सामान विकणारा एक म्हातारा दुकानदार आहे. घरच्या पेल्याचा फोटो दाखवला तर त्याने ओळखलाच. त्या सभेच्या बंगल्यात असे बरेच पेले होते म्हणे, अधूनमधून एखादा कुठून तरी येतो. पावसाळा संपल्यावर एक आला होताच. त्याच्याकडून मला कळलं की ती साहेबांची बंधुमंडळी होती. आत एकमेकांना भाऊ म्हणायचे, हातात हात घेऊन शपथा घ्यायचे, आणि गवंड्याची हत्यारं ही त्यांची खूण होती. मी विचारलं, "म्हणजे गवंडीच का?" तो हसला. "छे हो! त्यातल्या एकानेही वीट उचलली नसेल." आमच्या आजोबांनी जन्मभर ज्याला मान समजून हळदकुंकू वाहिलं ते हे. मला हसूही आलं नाही.

नवा पेला घेऊन मी परत काकांकडे गेले. चित्र अगदी तेच, फक्त याच्यावरचे हात शाबूत. रंग आमच्या पेल्यासारखाच थोडा उंच, बोटाला लागणारा. काकांनी तो उजेडात फिरवून बघितला. "पुढल्या दसऱ्याला बघू," म्हणाले.

"पुढचा दसरा बाबांना मिळणार नाही, काका. दिवाळीच्या पाडव्याला या. साडेतीन मुहूर्तांतलाच आहे तोही."

"दादा ओळखंल."

"त्यांना दिसत नाही आता."

"त्याला हातानं दिसतं," काका म्हणाले. पण पेला त्यांनी पंच्यात गुंडाळला.

पाडव्याला ते आले. खाली पोरं उरलेले फटाके उडवत होती. बाबांना मी सांगितलं होतं की काकांना दसऱ्याला ताप होता. पाट मांडला, लाल कापड घातलं, थापी, गुण्या, ओळंबा ठेवला. झेंडूची फुलं. आमचा पेला मी ठेवला. काकांनी पंचा सोडला आणि नवा पेला त्याच्या शेजारी ठेवला, झेंडे भिंतीकडे.  खिशातून त्यांनी वाळलेली आपट्याची पानं काढली. दसऱ्यालाच आणून ठेवली होती, द्यायची राहिली होती. एक पान बाबांच्या पेल्यात टाकलं. चुरगळल्यासारखा बारीक आवाज झाला.

दिसेनासं झाल्यापासून बाबांची पूजा म्हणजे दोन्ही पेल्यांवरून हात फिरवणं. मी त्यांचा हात धरून पाटावर नेला. आधी आपला पेला. डोळा, हात, खालची हत्यारं. मग काकांचा. बोटं काठावरून खाली आली आणि थांबली. जिथे इतकी वर्षं गुळगुळीत लागायचं तिथे त्यांना हात लागले होते. दोन्ही हात, बाह्यांसकट. बोटांनी ते पुन्हा चाचपले. मग अंगठा बुडाकडे गेला. काकांच्या पेल्याच्या बुडाला एक टवका होता, माझ्या जन्माआधीपासूनचा. याला नव्हता. अंगठा बुडावरून पूर्ण गोल फिरला.

मी मनात म्हटलं, झालं. आता म्हणतील, हा आमच्या घरचा नाय. काका फरशीकडे बघत होते. त्यांची मान अशी खाली गेली होती की मला त्यांच्या टाळूवरचा कुंकवाचा कण दिसत होता. त्या क्षणी मला बाबांची भीती वाटली. दिसत नाही, उठवत नाही अशा माणसाची भीती.

बाबांनी पेला होता तसा नीट ठेवला. किंचित फिरवून आमच्या पेल्याला समांतर केला. आणि म्हणाले, "बरोबर हाय."

भिंत ओळंब्यात असली की ते हेच म्हणायचे. लहानपणी साइटवर मी हे ऐकलेलं होतं. त्यानंतर बिगारी पुढचा थर द्यायला मोकळे व्हायचे.

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटलं एकदाचं. त्यांनी ओळखलं होतं, काकांना ते कळलं होतं, आणि तरी त्यांनी जाऊ दिलं होतं. आता काका त्यांच्या पाया पडतील, मी चहा आणेन, दोघं बोलतील. मी काकांकडे बघितलं.

काकांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. राग नव्हता त्यात. इतक्या वर्षांनी ते पहिल्यांदाच मोठ्या भावाशी बोलले, आणि अगदी हळू बोलले.

"मग त्या दिवशी भिंतीला का नाय म्हणाला असं, दादा?"

बाबांचा हात पेल्यावर होता. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि पेल्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले.  काकांनी रिकामा पंचा घडी करून पिशवीत ठेवला, पेला पाटावरच सोडला आणि चपला घातल्या.